‘विमा आहे का? हो / नाही’: एका व्हेरिएबलची उलटतपासणी

माझी आजी ७४ वर्षांची. गेल्या वर्षी आम्ही तिचं आयुष्मान कार्ड काढलं. उद्या कुणी सर्वेक्षणाला आलं, तर ती ‘विमा आहे’ या रकान्यात जाईल. पण बीपी-शुगरच्या गोळ्यांचं बिल दर महिन्याला बाबाच भरतात. “कार्ड आहे की, पण मेडिकलवाला ते घेत नाही,” इति आजी. बरोबरच आहे. ही योजना मुळात अ‍ॅडमिट झाल्यावरच्या खर्चासाठी आहे. ओपीडी आणि रोजची औषधं तिच्यात येत नाहीत.

ज्येष्ठांच्या आरोग्यावर काम करायचं म्हटलं की बहुतेकांना आधी ‘लासी’चा डेटा सुचवला जातो. मुंबईच्या आयआयपीएसने राबवलेलं हे सर्वेक्षण. पहिली फेरी २०१७-१८ ची, ४५ वर्षांवरचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून जास्त जण. डेटा दर्जेदार आहे, त्याबद्दल वाद नाही. माझी तक्रार आहे ती आपण तो वापरतो कसा, याबद्दल.

पहिलं म्हणजे तारीख. आयुष्मान योजना सुरू झाली सप्टेंबर २०१८ मध्ये, म्हणजे या फेरीचं काम संपत आलं तेव्हा. सत्तरीपुढच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न ठेवता ती लागू झाली ऑक्टोबर २०२४ मध्ये. तरीही हाच डेटा वापरून आजच्या योजनेबद्दल शिफारशी लिहिल्या जातात.

दुसरं, ‘हो’ म्हणजे नक्की काय? सीजीएचएस असलेल्या निवृत्त कर्मचाऱ्याला रोजच्या गोळ्याही दवाखान्यातून मिळतात. खासगी पॉलिसी घेणाऱ्याला आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. दोघांनाही ‘१’ हा एकच कोड देऊन रिग्रेशन चालवलं आणि ‘विम्यामुळे खिशातला खर्च कमी होत नाही’ असं उत्तर आलं, तर दोष विम्याचा की कोडिंगचा?

तिसरं, कायदा. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा साठीपुढच्या सुमारे १२ टक्के लोकांनाच माहीत आहे, असं लासीचा अहवाल सांगतो. यावर आपण ‘जनजागृती हवी’ लिहून मोकळे होतो. पण कायदा माहीत असणं वेगळं आणि पोटच्या मुलाविरुद्ध न्यायाधिकरणात अर्ज करणं वेगळं. अर्ज करून संध्याकाळी त्याच्याच घरी जेवायला बसायचं असतं. हे अंतर ‘माहीत आहे / नाही’ मध्ये मावत नाही.

म्हणून प्रपोजल लिहिण्याआधी एवढं तरी करा. प्रश्नावली उघडून प्रश्नाचे मूळ शब्द वाचा. विम्याचे प्रकार वेगळे ठेवा. एखाद्या गटात माणसं कमी पडली तर तसं स्पष्ट लिहा. ओपीडीचा आणि अ‍ॅडमिट झाल्यावरचा खर्च एकत्र करू नका. आणि तोच प्रश्न घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारून बघा. तुमच्या व्हेरिएबलमध्ये काय सुटलंय, ते बहुतेक तिथेच कळेल.