आयआरसी संदेशांचा पदच्छेद : एक चिकित्सा

'इंटरनेट रिले चॅट' अर्थात आयआरसी ही संवादप्रणाली जार्को ओइकारिनेन यांनी १९८८ मध्ये फिनलंडमधील ओउलू विद्यापीठात निर्माण केली. तिचा प्रोटोकॉल मे १९९३ मध्ये 'आरएफसी १४५९' या दस्तऐवजात शब्दबद्ध झाला. सर्व्हरकडून आलेल्या ओळीचा क्लायंट सॉफ्टवेअरने अचूक पदच्छेद कसा करावा, याबाबत हा दस्तऐवज कितपत मार्गदर्शक ठरतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संदेशाची रचना वरकरणी सुलभ आहे. आरंभी ऐच्छिक प्रेषक-निर्देश, त्यानंतर आज्ञा आणि शेवटी जास्तीत जास्त १५ पॅरामीटर. हे घटक स्पेसने विलग होतात. अखेरच्या पॅरामीटरमध्येच स्पेस असल्यास त्यापूर्वी अपूर्णविराम देणे आवश्यक असते. एरवी तो बहुधा ऐच्छिक असतो. घोटाळ्याचे मूळ याच चिन्हात आहे. अपूर्णविरामानंतरचा भाग म्हणजे 'मजकूर' आणि आधीचा भाग म्हणजे 'पॅरामीटर' असा भेद प्रोग्रामरने गृहीत धरला, की एका सर्व्हरने चॅनेलचे नाव अपूर्णविरामासह व दुसऱ्याने त्याविना पाठविताच क्लायंट गोंधळतो. प्रत्येक अपूर्णविरामावर ओळ तोडली, तर '१०:३० वाजता भेटू' या निरोपातील केवळ '१०' एवढेच वाचकापर्यंत पोहोचते.

वस्तुतः दस्तऐवजाची भूमिका निःसंदिग्ध आहे. पदच्छेदानंतर सर्व पॅरामीटर समान दर्जाचे असून अपूर्णविराम ही केवळ रचनेची सोय आहे. तथापि हा मूलभूत नियम मुख्य विवेचनात नव्हे, तर व्याकरणसूत्रांखालील टिपांत दिलेला आहे. ज्या नियमावर अर्थ अवलंबून आहे, त्याला असे दुय्यम स्थान देणे हा मांडणीतील दोषच म्हणावा लागेल.

दुसरी मर्यादा भारतीय भाषांना अधिक जाचक आहे. ओळसमाप्तीच्या २ बाइटसह संदेश ५१२ बाइटपर्यंतच असू शकतो. वर्णसंच मात्र निश्चित केलेला नाही. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. 'नमस्कार' या शब्दाला २१ बाइट लागतात. मर्यादेमुळे एखाद्या चिन्हाच्या मध्येच छेद गेल्यास उरलेले बाइट निरर्थक ठरतात, आणि क्लायंट कठोर असल्यास संपूर्ण ओळच नाकारली जाण्याचा संभव असतो.

सारांश, सूत्रे वाचून टिपा वगळणारा प्रोग्रामर जसा दोषी, तसाच महत्त्वाचा नियम टिपेत ठेवणारा दस्तऐवजही दोषी आहे. पदच्छेद चुकला की भाषेत अर्थ बिघडतो. येथे तर बोलणाऱ्याचे शब्दच हरवतात.