‘निसर्गचित्र’ ही संज्ञा आणि ठाणे-कल्याणचा मुलूख

मोने, पिसारो प्रभृती चित्रकारांच्या संप्रदायास मराठीत ‘दृक्प्रत्ययवाद’ हे समर्पक नाव लाभले. परंतु ज्या चित्रप्रकारात त्यांनी विशेष कामगिरी केली, त्यास ‘निसर्गचित्र’ म्हणताना मोठा अर्थलोप झाला. फ्रेंचमध्ये या प्रकारास ‘पेइझाज’ म्हणतात. हा शब्द ‘पेई’, म्हणजे मुलूख, यापासून सिद्ध झाला. शेतकऱ्याचा वाचक ‘पेइझाँ’ हाही त्याच कुळातला. ‘निसर्ग’ या शब्दात मात्र राबणाऱ्या माणसास जागाच उरत नाही.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. आर्जांतॉय या गावी पॅरिसहून आगगाडी १८५१ साली पोचली. मोने तेथे १८७१ ते १८७८ पर्यंत राहिला आणि नदीवरील लोहमार्गाचा पूल त्याने पुनःपुन्हा रंगविला. पिसारोने १८७३ मध्ये पाँत्वाझजवळचा कारखाना चित्रविषय केला. (धुराडे दिसते, त्याखालचे श्रम दिसत नाहीत, हा आक्षेप त्याच्यावरही घेता येईल.) मराठी समीक्षेपुढे हा प्रश्न सहसा उभाच राहत नाही. आबालाल रहिमान यांच्या कोल्हापूरच्या कोटितीर्थावरील चित्रांतील प्रकाशाची तरलता ती वाखाणते. त्या तळ्याशेजारी १९०६ साली कापडगिरणी स्थापन झाली, हे तिला अप्रस्तुत वाटते.

ठाणे-कल्याणच्या मुलुखास ही दृष्टी मुळीच पुरी पडत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यास आगगाडी आली, तेव्हा मोने अवघा बारा वर्षांचा होता; पुढील वर्षी ती कल्याणास गेली. त्यानंतर निर्वासितांच्या छावणीचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले आणि १९६० नंतरच्या दशकात डोंबिवलीस औद्योगिक वसाहत आली. भातखाचरे व मिठागरे या घडामोडींच्या शेजारीच होती. मिठागर तर दृक्प्रत्ययवादी चित्रकाराने शोधून काढावे असे स्थळ: उथळ पाणी आणि त्यावर क्षणोक्षणी पालटणारे आकाश. पण ते पाणी तेथे आपोआप थांबलेले नसते. भरतीचे पाणी बांध घालून कोंडावे लागते. बांध फुटला की मीठही गेले आणि चित्रकारास मोह घालणारा तो आरसाही गेला. अशा चित्रास ‘निसर्गचित्र’ म्हणणे म्हणजे बांध घालणाऱ्यास चौकटीबाहेर काढणे होय. बोली येथे समीक्षेहून अधिक सावध आहे. मिठाचे ते ‘आगर’ आणि तेथे राबणारा तो ‘आगरी’, अशी या नावाची उपपत्ती सामान्यतः सांगतात. ‘पेई’ आणि ‘पेइझाँ’ यांचेही नाते याच जातीचे आहे.