रेखाटलेल्या चिन्हांतून व्यक्तिरेखा : ‘फकिरा’च्या संदर्भात

प्रास्ताविक

कादंबरीतील पात्राचा चेहरा न काढता चार-पाच चिन्हे रेखाटून त्याचे व्यक्तिचित्र उभे करणे, हा उपक्रम भाषेच्या वर्गांत रुळलेला आहे. ज्या विद्यार्थ्याची मातृभाषा उर्दू किंवा कन्नड आहे आणि मराठीत लिहिताना जो अडखळतो, त्यालाही आपले वाचन त्यातून मांडता येते. परंतु चिन्ह काढले म्हणजे पात्र समजले असे होत नाही. अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) यांच्या ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीच्या आधारे या पद्धतीचे बळ आणि मर्यादा तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तलवारीची अडचण

फकिरासाठी पहिले चिन्ह सुचते ते तलवारीचे. ते चूक नाही. पण एकट्या तलवारीने फकिरा केवळ शूर बंडखोर ठरतो. कादंबरीतला फकिरा दुष्काळात भुकेल्यांसाठी धान्य लुटतो. म्हणून तलवारीशेजारी धान्याचे पोते काढले की शौर्याचे कारण दिसू लागते. त्याचा बाप राणोजी गावासाठी जोगणी आणताना मारला गेला. जत्रेचा मान जिच्यासोबत गावात येतो, ती ही जोगणी. ती चित्रात आली की फकिराचे धाडस बापाच्या बलिदानाशी आणि गावाच्या मानाशी जोडले जाते. शेवटी आपल्या माणसांचे हाल थांबावेत म्हणून तो सरकारच्या स्वाधीन होतो. त्या क्षणीची तलवार आणि लुटीच्या रात्रीची तलवार एकाच अर्थाची नाही. चिन्ह तेच राहते, प्रसंग बदलतो आणि अर्थही बदलतो. हे ज्याला दाखविता आले, त्याने कादंबरी वाचली असे समजावे.

निशान आणि अलामत

उर्दूत ‘निशान’ म्हणजे खूण आणि ‘अलामत’ म्हणजे साहित्यातील प्रतीक, असा भेद करता येतो. खूण ओळख पटवून थांबते. प्रतीक अर्थ उलगडत जाते. ‘फकिरा’च्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असल्याची एकच खूण मारली. नंतर त्या कायद्याचा विस्तार झाला आणि तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. कादंबरीतली हजेरीची सक्ती याच दृष्टीतून आली आहे. हुबळीच्या वाचकाला ही गोष्ट परकी नाही. तत्कालीन मुंबई इलाख्यात असताना या शहरातही अशा जमातींसाठी वसाहत होती आणि ‘सेटलमेंट’ हे नाव येथे अजून रूढ आहे.

अशा वेळी फकिरासाठी नुसत्या बेड्या किंवा रक्ताळलेले पाते काढणारा विद्यार्थी नकळत सरकारी नोंदवहीचीच नजर उसनी घेतो. साठ्यांनी ज्या नजरेविरुद्ध ही कादंबरी लिहिली, ती नजर चित्रात परत येते. उलट हजेरीची वही काढून तिच्यासमोर धान्याचे पोते ठेवले, तर कायदा त्याला काय म्हणतो आणि गाव त्याला काय मानते, हा कादंबरीतला मूळ संघर्ष कागदावर उतरतो.

अध्यापनाच्या दृष्टीने

यासाठी शिक्षकांनी तीन अटी घालाव्यात. प्रत्येक चिन्हाखाली कादंबरीतील प्रसंग नोंदवावा. परस्परांशी ताण असलेली किमान दोन चिन्हे असावीत. निवडलेली चिन्हे पात्राविषयी काय सांगू शकत नाहीत, हे विद्यार्थ्याने चार ओळींत लिहावे. चित्राच्या सफाईला गुण देऊ नयेत, अन्यथा हा तास चित्रकलेचा होईल.

निष्कर्ष

रेखाटलेली चिन्हे वाचनाला मदत करतात, परंतु वाचनाची जागा घेऊ शकत नाहीत. फकिरासारख्या पात्राच्या बाबतीत तर ती जपूनच वापरली पाहिजेत. ज्या समाजाला एका खुणेत कोंबले गेले, त्याच्या नायकाला वर्गात पुन्हा एकाच खुणेत कोंबणे हे वाङ्मयीन दृष्ट्या अपुरे आणि माणूस म्हणून अन्यायाचे होय.