निसर्गसंवादी घराची कसोटी : नाशिकच्या इंदिरानगरच्या संदर्भात एक समीक्षा

गेल्या दोन-तीन दशकांत 'निसर्गाशी सुसंवाद साधणारे घर' ही शब्दयोजना वास्तुरचनाविषयक लेखनात इतकी रूढ झाली आहे की तिचा नेमका अर्थ विचारण्याची गरज सहसा कुणास भासत नाही. अशा घरांची जी उदाहरणे वारंवार दिली जातात ती पाहता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. ही घरे बहुधा एकाकी असतात. भोवती बाग, शेत वा डोंगरउतार असतो, शेजारी नसतो. आणि पुष्कळदा मालकही आठवड्यातून दोनच दिवस तेथे राहतो. मध्यमवर्गीय कुटुंब ज्या भूखंडावर बारा महिने राहते, तेथे या संकल्पनेचे काय होते हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो. प्रस्तुत लेखात नाशिकमधील इंदिरानगरसारख्या वस्तीच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

प्रथम एका मान्यवर कृतीकडे पाहू. स्टुडिओ मुंबई या संस्थेचे बिजॉय जैन यांनी अलिबागजवळील नांदगाव येथे नारळीच्या बागेत उभारलेले 'पाल्मायरा हाउस' (२००७) हे या प्रकारातील बहुचर्चित घर होय. २०१० च्या आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीत त्याचा समावेश होता. लाकडी सांगाड्याचे दोन लांबट भाग, त्यांच्या मधली मोकळी जागा आणि ताडाच्या खोडापासून केलेल्या झडपांच्या भिंती अशी ही रचना आहे. झडपांमधून वारा खेळतो, प्रकाश गाळून आत येतो, आणि माडांच्या गर्दीत घर जवळजवळ लपून जाते. कारागिरीच्या दृष्टीने ही कृती श्रेष्ठ आहे, यात शंका नाही. परंतु तिचे यश ज्या गोष्टीवर उभे आहे ती गोष्ट वास्तुरचनाकाराने निर्माण केलेली नाही. ती म्हणजे सभोवतालची बाग. तीच झडपांची भिंत शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरासमोर सात-आठ फुटांवर उभी केली तर वाऱ्याबरोबर फोडणीचा वासही आत येईल आणि आठवड्याभरात झडपा कायमच्या बंद होतील. फ्रँक लॉइड राइट यांच्या सहवासात शिकलेले नारी गांधी (१९३४–१९९३) यांच्या रेवदंडा, लोणावळा येथील घरांनाही हेच लागू पडते. नकाशे न काढता, गवंड्यांसोबत जागेवर उभे राहून घडवलेली ही घरे विलक्षण आहेत. मात्र त्यांचा धडा चौकोनी भूखंडावर जसाच्या तसा गिरवता येत नाही.

इंदिरानगर ही मुंबई-आग्रा महामार्गाच्या दक्षिणेकडील निवासी वस्ती होय. नाशिक महानगरपालिकेच्या स्थापनेनंतर, म्हणजे १९८२ नंतर, तिची वाढ वेगाने झाली. लहान बंगले, रो-हाउस आणि कमी उंचीच्या इमारती हे तिचे मूळ रूप. नैऋत्येस त्रिरश्मी डोंगर, त्यात पांडवलेणी. या भागातील ज्या घरमालकास 'निसर्ग घरात आणावा' असे वाटते, त्याचे लक्ष साहजिकच या डोंगराकडे जाते, आणि नव्या घराला त्या दिशेने मोठी काच बसवली जाते. येथेच निसर्गाचे दर्शन आणि निसर्गाशी संवाद यांत फारकत होते. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत मध्यान्हीचा सूर्य येथे डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेची भिंत दुपारी फारशी तापत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि साध्या छज्जाखालून ऊन आत येते. नाशिकच्या थंडीत हे ऊन हवेसेच वाटते. खरा त्रास पश्चिमेचा. तेथे सूर्य तिरपा येतो, छज्जा निरुपयोगी ठरतो, भिंत संध्याकाळपर्यंत तापते आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडते. पावसाचा माराही त्याच बाजूने. म्हणजे देखावा ज्या दिशेला, ऊन आणि पाऊसही त्याच दिशेला. पांडवलेणी स्वतः मात्र डोंगराच्या उत्तरेकडील अंगात कोरलेली आहेत. नैऋत्येच्या पावसाकडे त्यांची पाठ आहे. काचेच्या भिंतीमागे वातानुकूलन यंत्र लावून त्या लेण्यांकडे पाहत बसणाऱ्या घरास निसर्गसंवादी म्हणावयाचे असल्यास शब्दांचे अर्थच बदलावे लागतील.

या समस्येवर अलीकडे सुचवला जाणारा उपाय म्हणजे वाडा. घराच्या मधोमध चौक, तुळशीवृंदावन, भोवती ओसरी, दगडी जोते अशी 'वाडा पद्धतीची' घरे आता नाशिक-पुण्याकडे हौसेने बांधली जातात. यातही विचारापेक्षा आठवण अधिक आहे. जुन्या नाशकातील वाडे एकमेकांना चिकटून होते. दोन बाजूंच्या भिंती शेजाऱ्याशी सामाईक, खिडकीला जागाच नाही. म्हणून उजेड-वारा मिळवण्यासाठी मधे चौक सोडणे भाग होते. चौक हा वाड्याचा अलंकार नसून त्याची निकड होती. उलट आजच्या बांधकाम नियमांनुसार बंगल्याच्या चारही बाजूंस मोकळी जागा सोडावी लागते. लहान भूखंडावर ही जागा सोडून पुन्हा मधे चौक काढला की खोल्या आखडतात, आणि बाहेरची सक्तीची जागा मात्र मोटारसायकल जेमतेम जाईल एवढी बोळ बनून राहते. शेजाऱ्याचीही तशीच बोळ, मधे कुंपणाची भिंत, दोन्हीकडे पेव्हर ब्लॉक. दोन घरांमधील ही जागा एकत्र धरली तर तिच्यात कडुनिंबाचे झाड सहज मावते. वेगवेगळी धरली तर तुळशीची कुंडीसुद्धा अडचणीची होते.

पाण्याच्या बाबतीत हा दोष अधिक ठळक होतो. नाशिक शहराचे वार्षिक पर्जन्यमान सुमारे ७०० मिलिमीटर आहे. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर याप्रमाणे वर्षाकाठी ७०,००० लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी ५६,००० लिटर उरते. दरडोई दररोज १३५ लिटर या प्रचलित मानाने पाच माणसांच्या कुटुंबास ते ८० दिवसांहून अधिक पुरेल. खाली काळा बेसॉल्ट असल्याने पाणी सर्वत्र सारखे मुरत नाही. ते भेगांतून आणि मुरमातून वाट काढते, आणि या भेगा भूखंडाच्या हद्दी मानत नाहीत. एकाने पाणी जिरवावे आणि दुसऱ्याच्या कूपनलिकेला ते लागावे, असे सहज घडू शकते. घर हे एकक धरून निसर्गाचा विचार करण्याची मर्यादा येथे स्पष्ट होते.

हे एकक बदलण्याचा एक गंभीर प्रयत्न महाराष्ट्रात झालेला आहे. सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात बेलापूर येथे उभारलेली, 'आर्टिस्ट व्हिलेज' या नावाने ओळखली जाणारी वसाहत या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. (इंदिरानगरपासून जवळच असलेले नवीन नाशिकही सिडकोचेच, तेथे मात्र असा प्रयोग झाला नाही.) बेलापूरला सुमारे साडेपाच हेक्टर जागेत ५५० कुटुंबांची सोय करावयाची होती. भूखंड अवघे ४५ ते ७५ चौरस मीटरचे. कोरियांनी सात घरांचा एक गट कल्पून त्यांच्यामध्ये सुमारे आठ मीटर लांबी-रुंदीचे सामाईक अंगण ठेवले. असे तीन गट मिळून मोठे अंगण, आणि वसाहतीच्या मधून पावसाचे पाणी वाहून नेणारा ओहोळ तसाच राखला. प्रत्येक घराला स्वतःचे थोडे आकाश होते. विटांच्या भिंती आणि उतरती छपरे स्थानिक गवंडी-सुतारांच्या आवाक्यातील होती. घरांच्या भिंती सामाईक नव्हत्या. कुटुंब वाढले की प्रत्येकाने शेजाऱ्याला धक्का न लावता आपले घर वाढवावे, हा त्यामागील हेतू.

पुढे कुटुंबे वाढली आणि घरेही वाढली. मात्र कोरियांच्या कल्पनेप्रमाणे खोलीला खोली जोडून नव्हे, तर पुष्कळ ठिकाणी मूळ घर पाडून त्या जागी सिमेंट काँक्रीटची दुमजली-तिमजली घरे उभी राहिली. उतरती छपरे गेली, खासगी अंगणे झाकली गेली. काही समीक्षक याकडे प्रयोगाचे अपयश म्हणून पाहतात. हा निर्णय घाईचा वाटतो. घरे बदलली, परंतु घरांच्या मधली सामाईक अंगणे आणि ओहोळ ही मांडणी टिकून राहिली. एका मालकाच्या ताब्यात जे होते ते बदलले. जे कुणा एकाचे नव्हते ते टिकले. अर्थात कोरियांच्या बाजूने एवढेच म्हणून थांबणे योग्य नव्हे. कुटुंबाला वरचा मजला लागणार, मुलाचे लग्न झाले की स्वतंत्र स्वयंपाकघर लागणार, हे १९८३ मध्येही अज्ञात नव्हते. त्यासाठी पाया, जिना आणि छप्पर यांची तजवीज आधीच असती तर पाडापाडी कदाचित कमी झाली असती. कुटुंबाची वाढ हीदेखील एक नैसर्गिक प्रक्रियाच आहे. वृक्षाच्या वाढीसाठी जागा ठेवणारी वास्तुरचना माणसाच्या वाढीबाबत मात्र अनेकदा गाफील राहते.

इंदिरानगरात आज हाच प्रश्न पुनर्विकासाच्या रूपाने उभा आहे. बंगला जुना होतो, मुले पुण्या-मुंबईस वा परदेशी असतात, आणि दोन शेजारचे भूखंड एकत्र करून इमारत उभारण्याचा प्रस्ताव येतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी मंजूर झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत पर्जन्यजल संधारणाची सक्ती ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील बांधकामांस आहे. एकेकट्या लहान बंगल्यास ती लागू होत नाही. एकत्रीकरणाने भूखंड त्या मर्यादेपलीकडे गेला की होते. झाडांच्या बाबतीतही तसेच. १९७५ च्या वृक्ष संरक्षण अधिनियमात २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेने पन्नास किंवा त्याहून अधिक वर्षे वयाच्या झाडांना 'हेरिटेज' दर्जा दिला. इंदिरानगरातील बंगल्यांसोबत १९८२ नंतर लावलेले आंबे, कडुनिंब आणि बकुळ अद्याप त्या वयाचे नाहीत. त्यांना तोडण्यासाठी परवानगी लागते, पण तो दर्जा नाही. त्यामुळे सध्या होणाऱ्या एकत्रीकरणात पाणी जिरवण्याचा खड्डा नियमाने येतो आणि ज्या मुळांपाशी ते पाणी जिरावयाचे ती तत्पूर्वी उपटली जातात. पुनर्विकासाच्या आराखड्यात दोन भूखंडांमधील कुंपणाची रेषा आधी पुसली जाते. त्या रेषेवरचे झाड आराखड्यात दाखवायचे की नाही, हे मात्र रचनाकाराच्या हाती असते.