मूळ, नक्कल आणि ज्ञानदेवांचा वाद

मांडव्याच्या धक्क्यावर हवा स्वच्छ असतां उभें राहिलें म्हणजे बंदरापलीकडे मुंबईचें दक्षिण टोंक दिसतें. त्या टोंकाशीं, कुलाब्यास, टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तेथें घडविलेल्या सहा क्यूबिटांच्या गणकयंत्राची चांचणी पुण्याच्या संरक्षण-संशोधन प्रयोगशाळेच्या सहकार्यानें २०२४ सालीं पुरी झाली. धक्क्याच्या अलीकडे, नारळींच्या मागें, संध्याकाळीं हरिपाठ म्हणणारीं घरें आहेत. दोहोंमध्यें सुमारें तासाभराचें पाणी. हें पाणी ओलांडून एकाचा दुसऱ्याशीं संबंध जोडावा असें माझ्यासारख्या साहित्याच्या शिक्षकास आपण होऊन कधींच सुचलें नसतें. तें सुचविलें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें. तो आतां पदार्थविज्ञान शिकवितो. गेल्या हिवाळ्यांत लाँचमध्यें गांठ पडली तेव्हां तो म्हणाला, “सर, ज्ञानदेव एक कीं दोन हा तुमचा वाद आमच्या शास्त्रानें निकालांत काढला आहे. अज्ञात अवस्थेची नक्कल होऊंच शकत नाहीं. मग ज्ञानेश्वरी लिहिणाऱ्या मनाची नक्कल दुसरा कोण करणार? कर्ता एकच!”

मी हंसलों. पण हंसणें हें कांहीं उत्तर नव्हे, आणि या वादाच्या बाबतींत माझें स्वतःचें मन पुरतें स्वच्छ नाहीं, त्याचें कारण पुढें सांगेन.

प्रथम वाद काय तें सांगितलें पाहिजे. १८९८-९९ च्या सुमारास ‘सुधारक’ पत्रांत ‘भारद्वाज’ या नांवानें शिवराम एकनाथ भारदे यांनीं लेखमाला लिहिली व ज्ञानेश्वरीचा कर्ता निराळा, अभंगांचा ज्ञानदेव निराळा, असें प्रतिपादन केलें. त्यांचीं प्रमाणें आजहि वाचण्यासारखीं आहेत. ज्ञानेश्वरीची भाषा जुनी, तेराव्या शतकाच्या अखेरीस शोभणारी. अभंगांची भाषा तिच्या मानानें पुष्कळच अर्वाचीन. ज्ञानेश्वरींत नाथपंथाचा वारसा ठळक, अभंगांत विठ्ठल सर्वत्र. महाराष्ट्रांत खळबळ उडाली, हें सांगावयास नकोच. प्रतिपक्षाचें मुख्य उत्तर असें कीं, ज्ञानेश्वरी पोथींत जपली गेली व अभंग तोंडांत; तोंडांतली भाषा पिढीबरोबर बदलते, म्हणून भाषेच्या अर्वाचीनतेवरून कर्त्याचें अर्वाचीनत्व सिद्ध होत नाहीं. हें उत्तर बहुतेकांनीं मान्य केलें, मींहि केलें, व वीस-बावीस वर्षें वर्गांत “हा वाद आतां मिटला आहे” या एका वाक्यांत भारद्वाजांची बोळवण करीत आलों. एकदां एका विद्यार्थिनीनें उत्तरपत्रिकेंत त्यांची बाजू घेतली. भाषेचीं उदाहरणें देऊन, नीट घेतली. मीं तिचे गुण कापले. तिचें म्हणणें खोडून काढलें नाहीं, नुसते गुण कापले. लाँचमध्यें माझा पदार्थविज्ञानी मित्र माझ्याच बाजूनें बोलूं लागला तेव्हां मला ती उत्तरपत्रिका आठवली.

आतां त्या सिद्धांताकडे वळूं. कल्पना अशी करा कीं, एक यंत्र आहे. त्यास ‘अ’ ही अवस्था दिली तर तें दोन ‘अ’ देतें, ‘आ’ दिली तर दोन ‘आ’ देतें. येथपर्यंत अडचण नाहीं. परंतु पुंजयामिकींत ‘अ’ आणि ‘आ’ यांची बेरीज ही सुद्धां एक खरी अवस्था असते, आणि निसर्गाचा नियम रेषीय असल्यामुळें अशा बेरजेवर यंत्र चालविलें असतां दोन ‘अ’ अधिक दोन ‘आ’ एवढेंच हातीं येतें. खऱ्या दोन नकला पाहिजे असतील तर त्यांत एक ‘अ’ व एक ‘आ’ अशा मिश्र जोड्याहि हव्यात. त्या कांहीं केल्या येत नाहींत. म्हणून जी अवस्था आपणांस आधीं ठाऊक नाहीं तिची हुबेहूब नक्कल करणारें यंत्र असूं शकत नाहीं. १९८४ सालीं बेनेट व ब्रासार्ड यांनीं गुप्त संदेशांची जी पद्धत मांडली तिची भिस्त याच गोष्टीवर आहे: चोरानें वाटेंत नक्कल करूं म्हटलें तर मूळ बिघडतें व चोरी उघडकीस येते.

माझ्या मित्राची चूक इतक्यावरून दिसेल. पोथी ही अज्ञात अवस्था नव्हे. तिचें अक्षर डोळ्यांस दिसतें, वाचतां येतें, उतरतां येतें. तिला या नियमाचा कांहींएक प्रतिबंध नाहीं. आणि ‘मनाची अवस्था’ हा शब्दप्रयोग पदार्थविज्ञानांतला नसून आपल्या रोजच्या बोलण्यांतला आहे. दोन ठिकाणीं ‘अवस्था’ हा एकच शब्द आला म्हणून दोन वस्तु एक होत नाहींत. अलीकडे पुंजयामिकीच्या नांवावर वाङ्मयचर्चेंत वाटेल तें खपूं लागलें आहे, त्यांतलाच हा प्रकार.

तरी पण तो विषय मीं सोडला नाहीं, कारण त्या सिद्धांताचा इतिहास पाहूं लागलों तों निराळाच चमत्कार दिसला. नक्कल अशक्य आहे असें सांगणाऱ्या या सिद्धांताचा कर्ता कोण, हेंच एका शब्दांत सांगतां येत नाहीं! सर्वसाधारणपणें वूटर्स व झुरेक यांचें नांव घेतात. त्यांचा लेख १९८२ च्या ऑक्टोबरांत ‘नेचर’मध्यें आला. त्याच वर्षीं हॉलंडांत डीक्स यांनीं तेंच स्वतंत्रपणें सिद्ध केलें. दोहोंसहि निमित्त झालें निक हर्बर्ट यांच्या एका लेखाचें. प्रकाशाहून वेगानें संदेश धाडण्याची युक्ति त्या लेखांत होती व ती अर्थातच नक्कल करणाऱ्या यंत्रावर उभी होती. तो लेख परीक्षणासाठीं गिरार्दी यांजकडे गेला. त्यांनीं १९८१ सालींच आपल्या अभिप्रायांत नक्कल कां होत नाहीं तें लिहून लेख नाकारावा असें कळविलें. दुसरे परीक्षक पेरेस यांनीं लेख चूक आहे हें ओळखूनहि तो छापावा असें सांगितलें, कारण चूक सांपडविण्यांतून कांहींतरी निघेल. आणि दोन दशकांनंतर ही हकीकत स्वतःच प्रसिद्ध केली. या सर्वांच्या आधीं, १९७० सालीं, जेम्स पार्क यांनीं तीच गोष्ट छापली होती, आणि तीहि ज्या नियतकालिकानें पुढें हर्बर्टांचा लेख छापला त्याच नियतकालिकांत! कोणी वाचली नव्हती. अवघ्या बारा वर्षांतला, छापील कागदांतला व साक्षीदार हयात असतांना घडलेला हा प्रकार. मग सातशें वर्षांपूर्वींच्या गायकांच्या परंपरेबद्दल आम्ही किती ठामपणें बोलावें?

दुसरी गोष्ट याहून मोलाची. हुबेहूब नक्कल होत नाहीं खरी, पण जमेल तितकी चांगली नक्कल होते. १९९६ सालीं बुझेक व हिलरी यांनीं असें यंत्र मांडलें कीं, त्यांतून निघणाऱ्या दोन्ही प्रतींचा मुळाशीं मेळ सहांत पांच इतका असतो. याहून अधिक साधणें शक्य नाहीं, हेंहि पुढें सिद्ध झालें. मौज अशी कीं, या दोन प्रतींपैकीं मूळ कोणती असा प्रश्नच उरत नाहीं. दोन्ही सारख्याच उण्या. मूळ म्हणून जें आंत गेलें तें आतां कोठेंच नाहीं.

पोथीची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. पोथी उतरणारा चुकतो, पण ज्या पोथीवरून त्यानें उतरलें ती जशीच्या तशी राहते; आणि त्याची चूक पुढच्या नकलेंत उतरते म्हणूनच कोणती पोथी कोणाची लेक हें आम्हांस कळतें. सर्व लेखनिक अचूक असते तर पाठचिकित्सेचा धंदाच बुडाला असता. नाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अशीच, पाठांतरांनीं मजकूर बिघडलेला पाहून. आणि पुढें कोणी आपली ओवी आंत घालूं नये अशी ताकीदहि दिली. पोथीला अशी ताकीद देतां येते. तोंडाला कोण देणार?

मला वाटतें, अभंगांचें प्रकरण पोथीपेक्षां त्या सहांत पांचाच्या यंत्राजवळचें आहे. मात्र उपमा म्हणून, पुरावा म्हणून नव्हे. गाणाऱ्यानें गाइलें कीं ऐकलेलें विरून जातें व उरतें तें त्याचें गाणें. म्हणूनच संगणकानें शब्द मोजून कर्ता ठरविण्याची जी रीत इंग्रजींत फळास आली, ती येथें चालेल असें मला वाटत नाहीं. १९६४ सालीं मॉस्टेलर व वॉलेस यांनीं ‘फेडरॅलिस्ट’ लेखांचा कर्ता क्षुल्लक शब्दांच्या गणतीवरून ठरविला. २०१६ च्या ऑक्सफर्ड आवृत्तीनें शेक्सपिअरच्या ‘सहाव्या हेन्री’वर मार्लोचें नांव घातलें तेंहि पुष्कळसें अशाच मोजणीच्या बळावर. तेथें मजकूर छापलेला होता. आमच्या अभंगांत विभक्तिप्रत्यय, क्रियापदांचे शेवट, अव्ययें हींच गाणाऱ्याच्या तोंडीं पहिल्यानें बदलतात. ज्या शब्दांवर मोजणीचा सारा भरंवसा तेच गायकांचे. यंत्र मोजील तें गायकांस मोजील.

येथें माझ्या जुन्या पक्षास फार हर्ष मानण्याचें कारण नाहीं. हीच तरवार दुधारी आहे. भाषा बदलली म्हणून भारद्वाजांचा मुद्दा पडतो हें खरें. पण भाषा इतकी बदलली असेल तर ‘ज्ञानदेव म्हणे’ ही मुद्रा तरी मुळाचीच कशावरून? नामदेवांच्या गाथेंत कित्येक शतकांनंतरच्या विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले, हें तर सर्वमान्यच आहे. जॉन स्ट्रॅटन हॉली यांनीं १९८८ सालीं उत्तरेकडील भक्तिकाव्याविषयीं लिहितांना असें दाखविलें कीं, अशी मुद्रा ही लेखकाची सही नसून अधिकाराची खूण असते: हें पद त्या संताच्या छत्राखालचें आहे, एवढेंच ती सांगते. मराठीस तें मत सरसकट लावणें मला पटत नाहीं. ज्ञानेश्वरीच्या शेवटीं कर्त्याचें, स्थळाचें, शकाचें व लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचें नांव इतक्या स्पष्टपणें आलें आहे कीं, आमच्या जुन्यांस कर्तृत्वाची जाणीवच नव्हती असें म्हणतां येणार नाहीं. पण अभंगापुरतें हॉलींचें बोट वर्मावर आहे. वाद मिटला आहे असें मीं वर्गांत सांगितलें तें खोटें होतें. तो मिटलेला नाहीं. आम्हीं तो सोयीसाठीं गुंडाळून ठेवला आहे.

मग संपादकानें करावें काय? वाटा दोन. एक नाथांची: शोधावें, शुद्ध करावें, सीमा आंखावी. दुसरी महानुभावांची. त्यांचें लीळाचरित्र धाडींत हरवलें. शिष्यांनीं तें आठवून पुन्हां जुळविलें, तेव्हां एकाची आठवण दुसऱ्याशीं जमेना. त्यांनीं एक ठेवून दुसरी फेंकली नाहीं. ‘वासना’ म्हणून निराळा पाठ शेजारींच नोंदविला. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांतील अरुणकुमार पति यांनीं ब्राउनस्टाइन यांच्याबरोबर २००० सालीं असें सिद्ध केलें कीं, अज्ञात अवस्थेच्या दोन प्रती हातीं असल्या तरी एक दुसरीच्या साह्यानें पुसून टाकतां येत नाहीं. महानुभाव लेखनिकांस कोणत्याहि नियमानें बांधलेलें नव्हतें. पुसणें त्यांस सहज शक्य होतें, आणि त्यांनीं पुसलें नाहीं. अभंगगाथेच्या संपादनास मला हीच रीत योग्य वाटते. नाथांची वाट ज्ञानेश्वरीसाठीं थोर होती, कारण तेथें पोथ्या होत्या.

गेल्या एकादशीस शेजारच्या ओटीवर हरिपाठ चालला होता. म्हातारे पुढें म्हणत, मुलगा मागून. एका ठिकाणीं माझ्याजवळच्या छापील पुस्तकांत एक शब्द, त्यांच्या तोंडीं दुसरा. आणि अर्थ त्यांचाच सरस लागत होता. पाठ संपल्यावर मीं पुस्तक दाखविलें. त्यांनीं तें डोळ्यांजवळ नेऊन पाहिलें, परत दिलें आणि म्हणाले, “मास्तर, हें छापणाऱ्याचें. आमच्या बापानं असंच म्हटलं.” मीं दोन्ही पाठ वहींत समोरासमोर उतरून घेतले. त्या विद्यार्थिनीचा ठावठिकाणा मला लागलेला नाहीं.