मालक कोण, बोलणार कोण?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य दिले. 'केसरी'ने मात्र पैसे देऊ केले असताही त्याची जाहिरात छापली नाही, असे आंबेडकरांनी पुढे नमूद केले आहे.

पहिल्याच अग्रलेखात तत्कालीन पत्रांची झडती आहे. विशिष्ट जातींचे हित पाहणाऱ्या पत्रांना इतरांची पर्वा नाही. परंतु आगबोटीत दुसऱ्याच्या खोलीला भोक पाडणारा उतारू स्वतःही बुडतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आमच्या मते लेखाचे सामर्थ्य येथेच आहे. तो दयेची याचना करीत नाही. सर्वांच्या हिताची भाषा बोलतो.

जातीच्या जोडीला आता भांडवल आले आहे. नानासाहेब परुळेकरांनी १९३२ साली काढलेला 'सकाळ' १९८५ पासून पवार कुटुंबाकडे आहे. 'लोकमत' दर्डा कुटुंबाचा. दोन्ही घराणी राजकारणातली. मालकी हा दोष नव्हे. पण मोजक्या घरांत एकवटलेली मालकी वाचकाचे कान अरुंद करते.

मुरबाडहून हे स्पष्ट दिसते. शेजारच्या शहापुरातील तानसा भरला, की मुंबईच्या पत्रांत बातमी ठळक येते. त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, तेव्हा बहुधा छायाचित्र छापतात. हंडा दिसतो, तो वाहणारी बोलत नाही.

आमचे त्रैमासिकही धर्मसंस्थेचेच. ठाकूर-कातकरी भगिनींचे स्वतःचे शब्द आम्ही तरी किती छापले? झडती येथूनच सुरू व्हावी.