मडगार्ड वेगळे पडेल

ज्याने आयुष्यात एकही नाटक लिहिलेले नाही असा माणूस नाटकाचे परीक्षण लिहितो आणि ज्याला चहा करता येत नाही असा गृहस्थ आमटीत मीठ कमी असल्याचे सांगतो. मग मीच सायकलीवर टीका का करू नये? माझी पात्रता त्या दोघांपेक्षा बरी आहे. मी बी.कॉम. आहे, बँकेत कारकून आहे आणि ऐन जून महिन्यात आठवडाभर भाच्याची रेसिंग सायकल घेऊन मी ऑफिसला गेलो आहे. शेवटच्या दिवशी तिच्यावरून पडलोही आहे. एवढा अभ्यास आजकाल पीएच.डी.लासुद्धा लागत नाही.

ह्या सगळ्याचे मूळ रक्तात आहे. तपासणीत माझी उपाशीपोटीची साखर ११८ निघाली. डॉक्टर म्हणाले, "अजून मधुमेह नाही, पण वेशीवर येऊन उभे आहात. व्यायाम काय करता?"

मी म्हटले, "बँकेत आहे."

मी पुढे काहीतरी बोलेन म्हणून ते बराच वेळ थांबले. मग त्यांनी कागदावर "सायकल" असे औषधासारखे लिहून दिले. ह्याच साखरेने आमच्या आईच्या पायाचे एक बोट नेले होते. त्यामुळे तो कागद मी इतर कागदांसारखा पासबुकात ठेवून विसरू शकलो नाही.

वारज्याहून लक्ष्मी रस्त्यालगतच्या आमच्या शाखेपर्यंत साडेआठ किलोमीटर. जाऊन-येऊन सतरा. हिशेब सोपा होता. एका रविवारी मी दुकानात गेलो.

"काका, तुम्ही रोडबाइक घ्या," विक्रेता म्हणाला. वयाने माझ्या निम्मा असावा.

"रोडबाइक म्हणजे?"

"रोडवर चालवायची."

"मग बाकीच्या कुठे चालवतात?"

ह्यावर त्याने मला सायकल दाखवायला सुरुवात केली. बेचाळीस हजारांची. बोकडाच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल, पापडासारखी सीट, बोटभर रुंदीची चाके. दिसायला देखणी, ह्यात वाद नाही. मी विचारले, "मडगार्ड?"

"वेगळे पडेल."

"कॅरिअर?"

"ह्याला बसत नाही, काका. फ्रेमला होलच नाहीत."

"स्टँड?"

"भिंतीला टेकवायची."

"घंटी?"

"वेगळी पडेल."

मला वाटले, स्वस्तातली म्हणून अशी असेल. म्हणून शेजारची लाखाच्या वरची पाहिली. तिला पायडलच नव्हते. "पायडल ज्याच्या त्याच्या आवडीचे घ्यायचे असते," तो म्हणाला. किंमत वाढली की मागणी घटते, असे आम्हाला कॉलेजात शिकवले होते. इथे किंमत वाढली की सायकल घटते.

हे सारे कशासाठी, तर वजनासाठी. शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असता कामा नये, असा नियम सायकलशर्यतींच्या जागतिक संघटनेने २००० सालापासून लागू केला आहे. तो नसता तर लोक नुसती सीट घेऊन धावले असते! बेचाळीस हजारांची ती सायकल दहा किलोंची होती, आणि साठ हजार दिले तर नऊ किलोंची मिळत होती. मी वजनकाट्यावर ८१ भरतो, डबा धरून ८२. कमी व्हायला हवे होते ते माझे वजन, सायकलचे नव्हे.

पण न वाचता पुस्तकावर मत देऊ नये. म्हणून मी भाच्याची सायकल आठवडाभर मागून घेतली.

आता परीक्षकाने चांगले आधी सांगावे. पहिल्या दिवशी मी सकाळी सहाला सहज फेरी मारायला निघालो. कर्वे रस्ता रिकामा होता आणि ती सायकल अशी काही पळाली की वीस वर्षे मोटरसायकलवर बसून आपण नेमके काय करत होतो, असा मला प्रश्न पडला. पायडलावर पाय टेकवावा की ती पुढे. सहा वाजताच्या कर्वे रस्त्यावर ही सायकल म्हणजे पहिल्या प्रतीची कलाकृती आहे, आणि तिथे मी तिला एकही मार्क कमी देणार नाही. माझी बँक मात्र दहाला उघडते.

तिच्या पुढच्या चक्राला ५० दात, मागच्या सर्वांत लहान चक्राला ११. म्हणजे पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल साडेनऊ मीटर जाणार. पावणेदहाच्या गर्दीत पुढे साडेनऊ मीटर मोकळे सापडले तर मी पेपरात कळवीन. त्या अकरा दातांशी माझी एकदाही गाठ पडली नाही. मी आपला पुढे ३४ आणि मागे २८ लावून फेऱ्याला अडीच मीटर असा हप्त्याहप्त्याने ऑफिस गाठत होतो.

हँडल धरायला वाकावे लागते. बँकेच्या कारकुनाची मान आधीच खाली असते. तिला आणखी खाली नेल्यावर मला रस्ता फार बारकाईने दिसू लागला, मात्र रस्त्यावरची माणसे दिसेनाशी झाली. तिसऱ्या दिवशी हवा कमी वाटली म्हणून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने पंपाचे तोंड लावून पाहिले, काढले, पुन्हा लावून पाहिले. "ही नळी आपल्यातली नाही, साहेब," तो म्हणाला. त्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हवर पितळेची एवढीशी टोपी बसवली की कुठल्याही पंपाने हवा भरते. टोपी किरकोळ किमतीची असते, पण ती खिशात हवी, हे भाच्याने मला चौथ्या दिवशी सांगितले. तिसऱ्या दिवशी मी सायकल हातात धरून आणली.

पाचव्या दिवशी पाऊस आला. मागच्या उघड्या चाकाने माझ्या पांढऱ्या शर्टावर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची एक सरळ रेघ ओढली. रेघ इतकी सरळ होती की कॅश टॅली झाल्यावर मी लेजरातसुद्धा तशी कधी ओढली नव्हती. दिवसभर मी ग्राहकांना पाठ दाखवली नाही. मॅनेजरसाहेबांच्या केबिनमधून तर मी दरबारी पद्धतीने उलटा चालत बाहेर आलो. साहेब खूश झाले.

सातव्या दिवशी मात्र हसण्यासारखे काही घडले नाही. रस्त्याच्या कडेला पावसाळी पाण्याच्या लोखंडी जाळ्या असतात आणि काहींच्या फटी रस्त्याच्या दिशेनेच लांब असतात. माझा टायर २५ मिलिमीटर, म्हणजे इंचभर रुंद. फट त्याहून थोडी मोठी होती. पुढचे चाक आत गेले, सायकल जागच्या जागी थांबली आणि मी पुढे गेलो. मागून बस येत होती. ब्रेकचा आवाज ऐकू आला आणि डोळे उघडले तेव्हा तिचे चाक माझ्यापासून हातभर लांब होते. कंडक्टर खाली उतरला. त्याने मला उठवले, लांब गेलेला डबा उचलून आणून दिला, झाकण घट्ट आहे ना पाहिले आणि काही न बोलता परत बसमध्ये चढला. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

घरी सांगायचे नाही असे ठरवले होते. पण बायकोने गुडघ्यावर फाटलेली पँट पाहिली आणि विचारले, "अहो, साखरेवरचं औषध आहे ना हे?"

तेव्हा मला वडिलांच्या काळ्या सायकलीची आठवण आली. हे वाचून काही वाचक सुस्कारा सोडतील, पण मी तिच्यावरही टीकाच करणार आहे. तिला मडगार्ड होते, कॅरिअर होते, चेनला पेटी होती, स्टँड होता, आणि तिच्या जाड टायरांना कुठलीही जाळी गिळू शकत नव्हती. पण ती वीस किलोंच्या वर होती, गिअर एकच, आणि लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक दाबून उपयोग नसे, देवाचे नाव घ्यावे लागे. उतारावर वडील चपलेने ब्रेक लावत. चपलांचा खर्च आई मांडून ठेवी. संयुक्त राष्ट्रांनी ३ जून हा जागतिक सायकल दिन २०१८ साली ठरवला आणि २०२० साली नेमक्या त्याच दिवशी ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. मला वाईट वाटले. पण तो चालू असता तरी मी ती सायकल घेतली असती असे नाही.

रेसिंग सायकलीला मडगार्ड नाही, हा तिचा दोष नव्हे. शोकांतिकेत विनोद नाही म्हणून कोणी तिला नापास करत नाही. दोष आहे तो शोकांतिका बारशाला लावणाऱ्याचा. बेचाळीस वर्षांचा माणूस डबा घेऊन ऑफिसला जायचे म्हणतो, तेव्हा त्याला आधी रस्ता कसा आहे, सोबत काय नेता आणि सायकल ठेवणार कुठे, हे विचारायला हवे. मला विचारले होते ते फक्त बजेट.

दुसऱ्यांदा दुकानात गेलो तेव्हा प्रश्न मी विचारले. फ्रेमला मडगार्ड आणि कॅरिअरसाठी भोके आहेत का? टायर ३२ चा किंवा त्याहून जाड बसेल का? ब्रेक डिस्कचे आहेत का? कारण रिम भिजली तरी डिस्क बरीच वर, कोरडी राहते. आणि मधल्या दांडीवर दोन्हीकडे पाय टाकून मी उभा राहिलो, तर दांडी आणि मी ह्यांच्यात बोटभर तरी अंतर राहते का? हा शेवटचा प्रश्न मी हळू आवाजात विचारला.

त्याने डोके खाजवले आणि गोदामातून एक राखाडी सायकल बाहेर आणली. हँडल तेच वळलेले, पण बरेच वर. टायर ३५ चे, भोके सगळी जागच्या जागी. "जड आहे म्हणून कोणी घेत नाही, काका," तो म्हणाला. बारा किलो. मी दांडीवर उभा राहून पाहिले. अंतर होते.

मडगार्ड, कॅरिअर, घंटी, कुलूप आणि दिवे वेगळे पडले. एकूण चार हजार सातशे. बिलाची बेरीज मी दोनदा तपासली. सवयीचा भाग.

भाचा पाहायला आला. सायकलीभोवती एक चक्कर मारून त्याने कॅरिअरला हात लावला. "मामा, तू हिची पार वाट लावलीस," तो म्हणाला. मी काही बोललो नाही. दुसऱ्याच्या टीकेचाही आदर करावा.

तीन महिन्यांनी साखर १०६ आली. जाळी दिसली की मी अजूनही वळसा घालून जातो. काल रात्री भाच्याचा फोन आला.

"मामा, उद्या तुझी सायकल देतोस? पाऊस सांगितलाय."

मी म्हटले, "देतो. पण घंटी वेगळी पडेल."